परदेशात माणसं अशी का वागतात?

जुलै २०१९मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाड गावातल्या एका हॉटेलची नोटीस आपल्याकडे खूप फिरली. उद्योगपती हर्ष गोएंका यांनी तिचा फोटो ट्विटरवर टाकला होता. नोटीस खास भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी होती. नाश्त्याच्या बुफेतलं काही बांधून नेऊ नका, दुपारचं जेवण सोबत हवं असेल तर पैसे भरून मागवा, पॅसेजमध्ये आणि बाल्कनीत हळू बोला, असा तिचा आशय. काहींनी म्हटलं, आपली लायकीच ही. काहींनी म्हटलं, गोऱ्यांचा माज अजून उतरला नाही. दोन्ही बाजू हिरिरीने भांडल्या, पण त्या कागदावर नेमक्या याच गोष्टी का आल्या, हा प्रश्न बाजूलाच राहिला. खरं तर त्याच प्रश्नात बरंच काही दडलेलं आहे.

बुफेचं आधी बघू. हॉटेलच्या हिशेबात नाश्त्याचा दर म्हणजे एक माणूस एका बैठकीत साधारण किती खाईल याचा अंदाज. कोणी जास्त खातं, कोणी कमी, सरासरी निघते. पिशवीत भरलेली दोन केळी आणि चार पाव या हिशेबात धरलेलेच नसतात. आता आपल्या बाजूने बघा. स्वित्झर्लंडमध्ये साध्या जेवणालाही वीस-पंचवीस फ्रँक सहज लागतात, म्हणजे आपले दोन हजारांहून जास्त रुपये. बरोबर शाकाहारी माणसं, त्यात कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाची गुरुवारची पथ्यं. दुपारी डोंगरावर काय मिळेल याची खात्री नाही. आणि प्रवासाला निघताना शिदोरी बांधून घेणं हे आपल्याकडे शहाणपणाचं लक्षण. एवढं सगळं जुळून आलं की हात आपोआप पिशवीकडे जातो.

पण इथे प्रामाणिकपणे अजून एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाच्या हॉलमध्ये स्वतःहून डबा भरणाऱ्याला आपल्याकडेही नावं ठेवतात. उरलेलं अन्न यजमानाने बांधून द्यायचं असतं, पाहुण्याने नाही, हे लहान मुलालाही कळतं. मग तोच माणूस स्वित्झर्लंडमध्ये हा नियम का विसरतो? कारण तिथे बघणारे काका-मामा नाहीत, यजमान म्हणून कोणी समोर उभं नाही, आणि 'आपण पैसे भरलेत' ही भावना डोक्यात पक्की आहे. म्हणजे एकाच कृतीत संस्कृतीचा भाग किती आणि सहलीचा भाग किती, हे वेगळं करून बघावं लागतं. परदेशातल्या वागण्याबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा हीच चूक करतो: सगळं काही एका देशाच्या स्वभावावर ढकलून मोकळे होतो.

आवाजाचं कारण मात्र बरंचसं संस्कृतीत सापडतं. चाळीत वाढलेल्या माणसाला गॅलरी म्हणजे घराचाच भाग. दारं उघडी, येता-जाता हाका, एकाची वाटी दुसऱ्याकडे. चाळीस जणांच्या ग्रुपला हॉटेलचा एक अख्खा मजला मिळाला की त्या मजल्याची गॅलरी व्हायला अर्धा तासही लागत नाही. "अहो, इस्त्री आहे का तुमच्याकडे?" "सकाळी किती वाजता निघायचं?" यात कोणालाही त्रास द्यायचा हेतू नसतो. स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया या पट्ट्यात मात्र शांतता ही जवळजवळ मालमत्ता समजली जाते. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, आणि रविवारी भिंतीत ड्रिल चालवणं किंवा काचेच्या बाटल्या कचरापेटीत टाकणंही शेजाऱ्यांना चालत नाही. जर्मनीत तर रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचंच संरक्षण आहे. अशा समाजात पॅसेजमधली मोठ्याने मारलेली हाक म्हणजे दुसऱ्याच्या खोलीत परवानगीशिवाय पाऊल टाकल्यासारखी वाटते.

न लिहिलेले नियम

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल १९५०च्या दशकात परदेशी जाणाऱ्या अमेरिकी मुत्सद्द्यांना प्रशिक्षण देत असत. भाषा येते, इतिहास माहीत आहे, तरी ही माणसं तिथे जाऊन लोकांना दुखावतात, असं का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर असं होतं की समाजाचे बरेचसे नियम कुठेच लिहिलेले नसतात आणि ते पाळणाऱ्यालाही आपण काही पाळतो आहोत याचा पत्ता नसतो. बोलताना किती अंतर ठेवायचं, वेळेला किती महत्त्व द्यायचं, किती गोष्टी शब्दांत सांगायच्या आणि किती समोरच्याने ओळखायच्या. अमेरिकी मध्यमवर्गाबद्दल त्यांनी मोजमापंही दिली: साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत अगदी जवळची माणसं, तिथून १२० सेंटिमीटरपर्यंत मित्र आणि ओळखीचे, त्यापुढे कामापुरते संबंध.

२०१७मध्ये ४२ देशांतल्या जवळपास ९ हजार लोकांच्या अंतराबद्दलच्या आवडीनिवडींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसापासून रोमानियातल्या लोकांना १३० सेंटिमीटरहून जास्त अंतर हवं होतं. अर्जेंटिनात ८०च्या आतही चालत होतं. आता रांगेचा विचार करा. झ्युरिकच्या तिकीट खिडकीपाशी पुढच्या माणसामागे हातभर जागा सोडून उभा असलेला माणूस रांगेतच आहे. दादरला एवढी जागा सोडली तर मागचा विचारतो, "तुम्ही रांगेत आहात का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे सरकतो. दादरहून थेट झ्युरिकला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांना ती मोकळी जागा रिकामीच दिसते. तो त्या जागेत शिरतो आणि तिथल्या लोकांच्या मते घुसखोर ठरतो.

बाथरूमचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं, कारण त्यात दोन्ही बाजूंचा हेतू स्वच्छतेचाच असतो. आपल्याकडे बाथरूमच्या अख्ख्या फरशीला जाळीकडे उतार असतो. पाणी सांडलं की वाहून जातं. ओली फरशी म्हणजे धुतलेली फरशी. युरोपातल्या असंख्य हॉटेलांत शॉवरच्या किंवा टबच्या बाहेर फरशीला जाळीच नसते. तिथे बादलीभर पाणी सांडलं तर ते खालच्या खोलीच्या छतात मुरतं. पडदा टबच्या आत घ्यायचा असतो, हे कोणी सांगितलेलं नसतं. हॉटेलवाला म्हणतो, ही माणसं बाथरूमचा तलाव करतात. आपला माणूस म्हणतो, यांच्याकडे नीट आंघोळही करता येत नाही. एका वाक्यात सांगता येईल अशी माहिती दोघांपैकी कोणीच दिलेली नसते.

उलट टोकाचं उदाहरण आइसलँडचं. तिथल्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावांत उतरण्याआधी सर्वांसमोरच्या शॉवरखाली, कपडे पूर्ण काढून, साबणाने आंघोळ करावी लागते. पाण्यात क्लोरीन कमी घालतात, म्हणून हा नियम कडक. पोहण्याचा पोशाख अंगावर ठेवूनच शॉवर उरकू पाहणाऱ्या परदेशी पाहुण्याला लाज वाटत असते, आणि आइसलँडच्या माणसाला तो घाणेरडा वाटतो.

मिशेल गेलफंड या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये ३३ देशांची तुलना केली. काही समाजांत नियम घट्ट असतात आणि मोडणाऱ्याला लगेच टोकलं जातं. काही समाज सैल असतात. त्या यादीत पाकिस्तान, मलेशिया, भारत आणि सिंगापूर घट्ट टोकाला होते, युक्रेन अगदी सैल टोकाला. भारत घट्ट? आपले रस्ते बघणाऱ्याला हे पटणार नाही. पण देवळाच्या पायरीपाशी थांबून बघा. चपला काढायला आपल्याला पाटी लागत नाही. उजव्या हाताने प्रसाद घ्यायचा, वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसायचं नाही, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचा, या गोष्टी कोणाच्या देखरेखीशिवाय पाळल्या जातात. आपले नियम घर, देऊळ, नाती आणि जेवण यांच्याभोवती घट्ट विणलेले आहेत, आणि रस्ता, बसस्टॉप, समुद्रकिनारा इथे सैल. जपानमध्ये रेल्वेचा डबाही त्या घट्ट विणीत येतो. फोन सायलेंटवर ठेवायचा आणि डब्यात फोनवर बोलायचं नाही, हे तिथे सगळे पाळतात. म्हणून 'शिस्तीचा देश' आणि 'बेशिस्त देश' अशी विभागणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. शिस्त कुठे लावली आहे, हे विचारलं की जास्त कळतं.

बघणं आणि फोटो काढणं

या विषयावर जरा थांबायला हवं, कारण इथे माणसं खरोखर दुखावली जातात.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी पाश्चात्त्य शहरांतल्या एका सवयीचं वर्णन केलं आहे. अनोळखी माणूस समोरून आला की क्षणभर नजर टाकायची, म्हणजे 'तू दिसलास' एवढं कळतं, आणि लगेच नजर काढून घ्यायची, म्हणजे 'मला तुझ्याशी काही देणंघेणं नाही' हेही कळतं. ही तिथली सभ्यता. आपल्या गावाकडे नवीन माणूस दिसला तर त्याच्याकडे बघणं, "कुठले तुम्ही?" असं विचारणं हीच सभ्यता. न विचारता पुढे गेलं तर माणूस शिष्ट ठरतो. गेटवे ऑफ इंडियाला किंवा ताजमहालला आलेल्या गोऱ्या कुटुंबाभोवती फोटोसाठी जमणाऱ्या मंडळींमध्ये या उत्सुकतेचा वाटा मोठा असतो. त्यात द्वेष नसतो, बऱ्याचदा प्रेमच असतं. पण दिवसभरात असे कित्येक फोटो देणाऱ्या त्या कुटुंबाला आपण माणूस आहोत की प्रदर्शनातली वस्तू, असं वाटायला लागतं.

गोव्यात या गोष्टीने वेगळंच वळण घेतलं. जानेवारी २०२३मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याने सूचना काढली: दुसऱ्या पर्यटकांचे फोटो किंवा त्यांच्यासोबत सेल्फी परवानगीशिवाय काढू नका, विशेषतः ऊन खात पहुडलेल्यांचे आणि पोहणाऱ्यांचे. सरकारला असं छापून सांगावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. पोहायच्या कपड्यातल्या बाईचा लपून व्हिडिओ काढणाऱ्याला ते चूक आहे हे माहीत असतं. लपून काढतो तो त्यासाठीच. याला संस्कृतीचा फरक म्हणणं म्हणजे आपल्या संस्कृतीवरच खोटा आळ घेणं आहे. आपल्या गावच्या नदीवर बायका कपडे धुताना कोणी असा फोन रोखला असता तर त्याचं काय झालं असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हेच जपानमधल्या क्योटोच्या गिऑन भागात घडतं. तिथे गेइको (म्हणजे क्योटोच्या गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइशा) संध्याकाळी कामाला निघतात. जगभरातले पर्यटक त्यांच्यामागे धावतात, वाट अडवतात, किमोनोला हात लावतात. स्थानिक रहिवाशांनी २०१९मध्ये खासगी गल्ल्यांत फोटोबंदीच्या पाट्या लावल्या, त्यावर १० हजार येनच्या दंडाचा उल्लेख होता. तरी थांबेना, म्हणून २०२४मध्ये काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावर जळत्या चितांचे फोटो काढू नका म्हणून सांगावं लागतं, तेही पाहुण्यांनाच, आणि त्यात भारतीय व परदेशी दोन्ही असतात. दुसऱ्याच्या गावात गेल्यावर समोरचं सगळं आपल्यासाठी मांडलेलं दृश्य आहे, हा गैरसमज सगळ्या देशांच्या पर्यटकांत सारखाच आढळतो.

पाश्चात्त्य पर्यटक आशियात कसे वागतात, याची यादीही लांबलचक आहे. मे २०१५च्या अखेरीस मलेशियातल्या किनाबालू पर्वताच्या माथ्यावर दहा परदेशी तरुणांनी कपडे काढून फोटो काढले. त्यांच्यासाठी ती गंमत होती. तिथल्या कदाझान-दुसून लोकांसाठी तो पर्वत म्हणजे पूर्वजांच्या आत्म्यांचं निवासस्थान. काही दिवसांतच, ५ जूनला तिथे भूकंप झाला आणि १८ जणांचा जीव गेला. स्थानिकांनी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला. चौघांना तीन दिवसांची कैद आणि प्रत्येकी ५ हजार रिंगिट दंड झाला. युरोपातल्या बातम्यांत या श्रद्धेची टिंगल झाली. भूकंपाचं कारण भूगर्भात असतं हे खरंच, पण दुसऱ्याच्या पितरांच्या जागी जाऊन नागडं होऊ नये, एवढं समजायला भूगर्भशास्त्र लागत नाही. गोव्यातल्या हणजुणच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या काळात गावकऱ्यांनी हेच सोसलं, आणि त्यांचं म्हणणं ऐकणारं तेव्हा फार कोणी नव्हतं.

टिप हा पगार असतो तेव्हा

पैशांच्या बाबतीत होणारे गैरसमज सोडवायला सगळ्यांत सोपे, कारण त्यामागचा हिशेब स्वच्छ सांगता येतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचं किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे आणि १९९१पासून तो आकडा बदललेला नाही. काही राज्यांनी आपापल्या कायद्याने ते वाढवलं आहे, पण मूळ गृहीतक असं की उरलेला पगार गिऱ्हाइकाच्या टिपेतून निघेल. म्हणून तिथे १८-२० टक्के टिप ही रीत आहे. आपल्याकडे बिलाच्या वहीत सुट्टे ठेवणं हे खुशीचं बक्षीस. न ठेवल्याने वेटरचा पगार कमी होत नाही. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आईवडिलांना ५० डॉलरच्या बिलावर १० डॉलर जास्तीचे देणं उधळपट्टी वाटते, आणि पोरगा टेबलाखालून खुणा करत बसतो. त्याने हा हिशेब सांगितला की वाद मिटतो. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, आणि जपानमध्ये टिप ठेवली तर वेटर ती परत द्यायला मागे धावत येऊ शकतो.

देशाचा स्वभाव की सहलीचा?

१९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडनच्या टूर गाइडना जपानी, फ्रेंच, इटालियन आणि अमेरिकी पर्यटकांबद्दल विचारलं होतं. वागण्याच्या २० पैलूंपैकी १८ बाबतींत गाइडना देशादेशांत फरक जाणवला. जपानी सगळ्यांपेक्षा वेगळे वाटले. हा अभ्यास वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: गाइडना काय वाटलं, ते यात मोजलं आहे. पर्यटक प्रत्यक्षात कसे वागले, ते नाही. रस्त्यात दहा भारतीय शांतपणे चालले तर ते लक्षात राहत नाहीत. अकरावा मोठ्याने ओरडला की 'भारतीय ओरडतात' हे पक्कं होतं.

आणि इतिहासात डोकावलं की दिसतं, प्रत्येक वेळी नव्याने बाहेर पडणाऱ्यांचीच बदनामी झाली आहे. सहली काढणाऱ्या थॉमस कुक यांनी १८४१मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टर ते लाफबरो अशी एक शिलिंगात रेल्वे सहल काढली आणि पुढच्या वीसेक वर्षांत ते साध्या मध्यमवर्गीय ब्रिटिशांना युरोपात नेऊ लागले. तेव्हा इटलीत ब्रिटिश उपवाणिज्यदूत असलेले लेखक चार्ल्स लिव्हर यांनी १८६५मध्ये लिहिलं की ऑस्ट्रेलियाने कैदी घ्यायला नकार दिल्यामुळे आता तेच लोक इटलीत सोडले जात आहेत. लिव्हर यांचा राग परक्या देशावर नव्हता, स्वतःच्याच देशातल्या कमी पैशांत फिरणाऱ्यांवर होता. आपल्याकडे 'ग्रुप टूरवाले' असं नाक मुरडून बोलणाऱ्यांच्या सुरात मला तोच वर्गाचा तोरा ऐकू येतो.

जपानने आपल्या नागरिकांना मौजेसाठी परदेशी जायची मोकळीक १ एप्रिल १९६४ला दिली, तीही ५०० डॉलरची मर्यादा घालून. त्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास जपानी बाहेर गेले; १९९०मध्ये हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. या काळात युरोपात त्यांची थट्टा व्हायची: गळ्यात कॅमेरा, पुढे झेंडेवाला गाइड, दुकानांत झुंबड. त्या खरेदीमागे एक जुनी रीत होती. जपानमध्ये यात्रेला निघणाऱ्याला शेजारीपाजारी आणि नातेवाईक पैसे द्यायचे, आणि परतताना त्याने प्रत्येकासाठी तिथली वस्तू आणायची. इसेच्या मंदिराच्या यात्रेला गाव मिळून पैसे जमवायचं आणि मोजक्या जणांना सगळ्यांच्या वतीने पाठवायचं. प्रवासी एकटा जातच नव्हता. आपल्याकडे काशीहून आलेल्याने गंगा आणायची, मावंदं घालायचं आणि सगळ्यांना जेवू घालायचं, त्यामागेही हाच विचार. आज दुबईहून येणाऱ्याच्या बॅगेत अर्धं सामान भावजय, पुतणे आणि ऑफिसवाल्यांसाठी असतं. पॅरिसच्या दुकानदाराला मात्र फक्त हावरट खरेदी दिसते.

त्यानंतर पाळी चिनी पर्यटकांची आली. २००० साली साधारण एक कोटी चिनी बाहेर जात होते, २०१९मध्ये साडेपंधरा कोटी. मे २०१३मध्ये इजिप्तच्या लक्सर मंदिरातल्या प्राचीन शिल्पावर एका चिनी मुलाने स्वतःचं नाव कोरल्याचं उघड झालं आणि चीनमध्येच संतापाची लाट उठली. त्याच वर्षी चीनने पर्यटकांच्या वागण्याबद्दल कायद्यात कलम घातलं आणि ६४ पानांची पुस्तिका काढली. विमानातली लाइफ जॅकेट घेऊन येऊ नका, कमोडच्या सीटवर पायांचे ठसे उमटवू नका, इतकं बारीक त्यात लिहिलं होतं. पायांचे ठसे का? उकिडवं बसायची सवय असलेल्यांना अनोळखी बुडं टेकलेल्या सीटवर बसणं किळसवाणं वाटतं, म्हणून. आपल्याकडच्या वयस्क माणसांना विचारा, त्यांना हे लगेच कळेल.

आता पाळी आपली आहे. २०१९मध्ये २ कोटी ६९ लाख भारतीय परदेशी गेले, २०२३मध्ये हा आकडा २ कोटी ७९ लाखांच्या आसपास होता. त्यात पहिल्यांदाच विमानात बसणारे खूप. त्यांचा मला अभिमान वाटतो. आयुष्यभर काटकसर करून साठीनंतर स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउचा बर्फ हातात घेणाऱ्या बाईच्या आनंदाला आवाज असणारच.

अनुभवी देशांचे पर्यटकही काही आपोआप सभ्य होत नाहीत, हे मॅगलूफमध्ये दिसतं. स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या या गावात ब्रिटिश तरुणांच्या झुंडी स्वस्त दारूसाठी येतात. रांगेत शिस्तीने उभं राहण्याबद्दल नावाजलेला देश हाच. जानेवारी २०२०मध्ये तिथल्या प्रादेशिक सरकारला मॅगलूफसह काही भागांत एकावर एक फुकट दारूच्या योजना आणि एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये पीत फिरवणाऱ्या सहली बंद कराव्या लागल्या. ॲम्स्टरडॅमने २०२३मध्ये १८ ते ३५ वयाच्या ब्रिटिश पुरुषांना उद्देशून 'येऊ नका' अशी मोहीमच काढली. रोजच्या ओळखीतून सुटका, सोबत मित्रांचा घोळका, खिशाला परवडणारी दारू आणि परवा परत जायचं विमान, एवढं जमलं की कोणत्याही देशाचा माणूस घरी करणार नाही ते करतो. मायोर्काने आधी दारूच्या योजनांना हात घातला, हे मला बरोबर वाटतं.

सांगितलं तर ऐकतात का?

बऱ्याच अंशी ऐकतात, कारण दिलं तर. ऑस्ट्रेलियातला उलुरू खडक १९८५मध्ये त्याच्या मूळ मालकांकडे, अनंगू लोकांकडे परत आला. त्यांच्यासाठी चढण्याची ती वाट पवित्र आहे. शिवाय चढताना ३५हून अधिक माणसं दगावली होती, आणि आपल्या भूमीवर पाहुणा मेला की यजमान म्हणून त्याचं दुःख आपल्यावर येतं, असं अनंगू मानतात. त्यांनी बंदी घातली नाही. पायथ्याशी पाटी लावून 'कृपया चढू नका' असं विनवलं आणि कारण सांगितलं. चढणाऱ्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं घटत गेलं. ते २० टक्क्यांच्या खाली आलं तर वाट बंद करायची, असं व्यवस्थापनाच्या आराखड्यात ठरलं होतं. तसं झाल्यावर २६ ऑक्टोबर २०१९ला वाट बंद झाली. बंदीची तारीख जाहीर झाल्यावर शेवटच्या दिवसांत मात्र चढणाऱ्यांच्या रांगा लागल्या. विनंती बहुतेकांना पुरते. उरलेल्यांसाठी नियम लागतो.

पलाऊ या छोट्या बेटांच्या देशाने डिसेंबर २०१७पासून पासपोर्टवर बेटं जपण्याची एक प्रतिज्ञा छापायला सुरुवात केली. ती पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे, आणि देशात शिरताना प्रत्येक पाहुण्याने तिच्यावर सही करायची असते. ती सर्वांसाठी सारखी आहे, हे मला तिच्यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. ग्श्टाडच्या नोटिशीतली मागणी रास्त होती. ती एकाच देशाच्या नावाने लावली, तिथे ती अपमान झाली.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या टूरचे टूर मॅनेजर पहिल्या दिवशी बसमध्ये माइक हातात घेऊन सूचना देतात, तेव्हा पासपोर्ट, वेळ आणि जेवण यांवर बराच वेळ जातो. त्याच वेळात फरशीला जाळी नाही म्हणून पडदा टबच्या आत घ्या, रात्री दहानंतर गप्पा पॅसेजमध्ये न मारता एखाद्या खोलीत दार लावून मारा, दुपारचं खाणं लागणार असेल तर हॉटेलला आदल्या रात्री सांगू, हेही सांगून होईल. ज्येष्ठ मंडळी कारण कळलं की तरुणांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. स्वतंत्र फिरणाऱ्यांनी हॉटेलच्या काउंटरवर दोन प्रश्न विचारावेत: इथे पाहुण्यांकडून कोणती चूक सारखी होते, आणि फोटो कुठे काढलेला चालत नाही. काउंटरवरची माणसं याची उत्तरं आनंदाने देतात.